शृंगी घुबडाच्या घरट्यातल्या पिल्लांचे फोटो काढावेत का? काढायचे तर कसे?

अंजीरवाला

नमस्कार. पक्ष्यांचे फोटो काढायला लागून मला फार काळ झालेला नाही. निकॉनची जुनी बॉडी आणि सेकंडहँड घेतलेली २००-५०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स, एवढंच सामान. घर शेतीचं, अंजीर आणि सीताफळाची बाग.

बागेच्या खालच्या अंगाला ओढा आहे, आता फेब्रुवारीत कोरडा ठणठणीत. पलीकडची दरड दोन पुरुष उंच, मुरमाची. मागच्या आठवड्यात मोटर बघायला गेलो तेव्हा दरडीच्या पायथ्याशी केस-हाडांच्या गोळ्या आणि पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले. वर बघतोय तोवर मधल्या कपारीतून भलं मोठं घुबड उठलं आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसलं. डोक्यावर दोन शिंगं, नारिंगी डोळे. शृंगी घुबडच. कपारीत तीन पिल्लं आहेत, पांढुरकी, कापसासारखी, डोळे किलकिले. तिन्ही वेगवेगळ्या आकाराची. धाकटं तर थोरल्याच्या निम्मं असेल, ते अशक्त आहे की काय अशी शंका येते.

आता अडचणी सांगतो. अलीकडच्या काठावरून बघितलं तर कपारीपुढे घाणेरीची एक फांदी आडवी येते. ती छाटली तर फ्रेम मोकळी मिळेल. पुण्यातल्या ओळखीच्या ग्रुपमधले सहा-सात जण रविवारी येतो म्हणतायत. त्यातल्या एकाला आई-बाप उंदीर घेऊन घरट्यावर उतरतात तो क्षण रात्री फ्लॅश लावून टिपायचाय. घरी वेगळंच. काकांना शेतरस्त्यासाठी मार्चमध्ये त्याच दरडीचा मुरूम काढायचा आहे, जेसीबीवाल्याशी बोलणंही झालंय. आजी म्हणते बागेजवळ घुबड नको, अपशकुनी.

मला फोटो हवे आहेत, मनापासून हवे आहेत. असा पक्षी दाराशी पुन्हा येईल का, माहीत नाही. पण पिल्लांना त्रास देऊन नकोत. जाणकारांनी सांगावं.

गाव: (काढून टाकलं आहे)

टेकडीवरची

दादा, सविस्तर रात्री लिहिते. त्याआधी दोन कामं लगेच करा. पोस्टमधलं गावाचं नाव काढा. आणि मोबाइलवर काढलेला दरडीचा फोटो लावला आहात तोही काढा. त्यात मागे डोंगरावरचं देऊळ स्वच्छ दिसतंय, त्या भागातला माणूस दोन मिनिटांत जागा ओळखेल. लोकेशन चालू असेल तर मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही आपोआप नोंदले जातात. तोच फोटो ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही काढा.

हे घाईनं सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे घुबडांचा चोरटा व्यापार चालतो. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात भारतातल्या ३० पैकी १५ जातींची घुबडं जिवंत पक्ष्यांच्या बाजारात आढळली होती. जादूटोणा, औषधं आणि दिवाळीच्या सुमारास बळी, यासाठी. शिंगं असलेल्या मोठ्या घुबडांना जास्त मागणी असते, आणि तुमच्या कपारीत नेमकं तेच आहे.

अंजीरवाला

काढलं ताई. ग्रुपवरचाही डिलीट केला. रात्री वाट बघतो.

टेकडीवरची

आता निवांत लिहिते.

माझं माहेर माणदेशात. गावाबाहेरच्या ओढ्यात शृंगी घुबडाची जोडी वर्षानुवर्षं एकाच दरडीत अंडी घालते. दिवाळी सरली की संध्याकाळी त्यांचं घुमणं सुरू होतं, खोल ‘बू-बोऽ’, दुसरा स्वर लांबलेला, आणि ते ऐकू आलं की मी त्या काठाने जाणं बंद करते. फोटो मी काढतेच, भरपूर काढते. पण कधी काढायचे याचं वेळापत्रक मी ठरवत नाही. ते माझ्या सुट्टीवर नाही, पिल्लांच्या वयावर ठरतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला त्यातच दिसतं.

तुमच्या वर्णनावरून पिल्लं आठ-दहा दिवसांची असावीत. या वयात त्यांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही आणि उन्हापासून बचावही करता येत नाही. शृंगी घुबड काड्याकुड्यांचं घरटं बांधत नाही, उघड्या मुरमावर नाहीतर मातीवर अंडी घालतं. फेब्रुवारीत पहाटे तो मुरूम गार असतो आणि दुपारी भाजतो. म्हणून मादी बसून असते. रात्री पिल्लांना ऊब द्यायला आणि दिवसा सावली धरायला. शिकार मुख्यतः नर आणतो. तुम्ही समोर उभे राहिलात आणि ती उठली, की वरून ऊन थेट पिल्लांवर. तुम्हाला वाटतं, ‘ती समोर बाभळीवर शांत बसलीय, बघतेय.’ ती शांत नसते. अंगाची पिसं आवळून बारीक होते, शिंगं ताठ, एरवी दिवसा अर्धवट मिटलेले डोळे टक्क उघडे. तुम्ही हलत नाही तोवर ती परतत नाही. त्यात दिवसाउजेडी मोठं घुबड उघड्यावर दिसलं की कावळे जमतात, कोतवाल जमतात, मग तिला तिथेही बसू देत नाहीत. ती आणखी लांब जाते. आणि कावळ्यांना तेवढ्यात कपार दिसली तर? एवढ्या पिल्लाला कावळाही नेतो.

कधी कधी ही घुबडं पंख मोडल्यासारखी जमिनीवर लोळतात, फडफडत फडफडत पुढे सरकतात. शत्रूचं लक्ष पिल्लांवरून काढून स्वतःकडे वळवण्याची ती धडपड असते. असं पसरलेल्या पंखांचं घुबड बघून लोक भराभर शटर दाबतात. ते दिसलं की कॅमेरा खाली करून आल्या वाटेने परत फिरायचं, दुसरं काही नाही.

म्हणून माझं म्हणणं: अजून तीन आठवडे तरी त्या कपारीसाठी कॅमेरा बाहेर काढूच नका.

धाकट्याची काळजी सोडा. पहिलं अंडं घातलं की मादी लगेच उबवायला बसते. पुढची अंडी काही दिवसांच्या अंतराने येतात, त्यामुळे पिल्लंही त्याच अंतराने फुटतात. अंडं उबायला सुमारे ३३ दिवस लागतात, प्रत्येकाचे दिवस ज्याच्या त्याच्या वेळी भरतात. तिघांचे आकार वेगळे असणं हे त्या घरट्याचं नेहमीचंच रूप आहे. त्याला उचलून घरी नेऊ नका, मांसाचे तुकडे नेऊन टाकू नका. ज्या वर्षी उंदीर कमी त्या वर्षी धाकटं जगत नाही, असंही होतं. तो त्या जोडीचा हिशोब आहे, त्यात आपण पडायचं नाही.

घाणेरीची फांदी छाटू नका. बांधून बाजूलाही घेऊ नका. घाणेरी परदेशी तण आहे हे मला माहीत आहे, एरवी मी स्वतः उपटते. पण ही एक फांदी आज त्या पिल्लांची दुपारची सावली आहे आणि वरून घिरट्या घालणाऱ्या घारीपासूनचा आडोसाही. ती गेली की तुमची फ्रेम मोकळी होईल आणि त्याच क्षणी घारीचीही. तुम्ही चार पावलं डावीकडे सरका. फांदी तरीही आली तर येऊ द्या. पुढे हिरवट धूसर पान आणि मागे त्यातून दिसणारा नारिंगी डोळा, हा फोटो मला साफसूफ केलेल्या कपारीपेक्षा कितीतरी खरा वाटतो.

दरडीखाली जाऊन वर बघायचंही बंद करा. माणूस जिथून चार वेळा जातो तिथे गवत दबून वाट पडते आणि वास राहतो. मुंगूस, कोल्हा, गावातली कुत्री त्या वाटेने चालत येतात. शृंगी घुबडाच्या घरट्यापर्यंत त्यांना चालत पोचता येतं, हे झाडाच्या ढोलीपेक्षा वेगळं आहे. घरी कुत्रा असेल तर तो ओढ्याकडे येणार नाही असं बघा.

आता रविवार. त्यांना नाही म्हणून सांगा. ते लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण सात माणसं म्हणजे सात ट्रायपॉड, सात जणांचा ‘अजून एकच’. आणि त्यानंतर ती जागा तुमच्या हातात राहत नाही. पुढच्या रविवारी त्यांचे मित्र येतील, त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही ज्यांना ओळखतही नाही असे लोक येतील.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्यापैकी कोणाकडेच नाही. ती मादी तुम्हाला रोज बघते. मोटर चालू करायला कोण येतो, किती वाजता येतो, खांद्यावर काय असतं, सगळं तिला ठाऊक आहे. शेतातली घुबडं चालत्या माणसाला फारसं मनावर घेत नाहीत. नांगर चालतो, बायका खुरपतात, मेंढरं जातात, ती बसून असते. माणूस थांबला, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि रोखून बघू लागला, की ती उठते. म्हणून तुमच्या नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या कपड्यांत, न थांबता जा. चालता चालता कडेने नजर टाका. तेवढ्यानं पिल्लांचं वय कळत राहील.

फ्लॅशवाल्या मित्राला तर ठाम नाही सांगा. रात्री घुबडाची बाहुली पूर्ण उघडलेली असते, डोळ्याचा पडदा मंद उजेड टिपण्यासाठीच घडलेला असतो. चोचीत किंवा पंजात उंदीर घेऊन ते दरडीच्या दिशेने वेगात उतरत असतं. नेमक्या त्या क्षणी डोळ्यांत लख्ख उजेड मारायचा? बॅटरीचा झोतही नको. आणि मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवायचा तर विचारही नको. आपल्या हद्दीत दुसरं घुबड आलंय असं समजून नर शिकार सोडून भांडायला येतो, आणि पिल्लं उपाशी राहतात.

कायदाही सांगून ठेवते, मित्रांना दाखवायला उपयोगी पडेल. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हेही येतं. आमिष दाखवणंसुद्धा येतं. म्हणजे घरट्यासमोर पांढरा उंदीर बांधून फोटो काढणारा माणूस स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत असला तरी कायद्याच्या भाषेत तो शिकार करतोय.

मग फोटो कधी काढायचे? पिल्लं साधारण महिन्याची झाली की पायांनी कपारीबाहेर पडायला लागतात. उडता येत नसतं. दरडीच्या उतारावर, दगडाच्या सावलीत, झुडपाच्या बुडाशी एकेकटी बसून राहतात. उडायला आणखी काही आठवडे जातात, आणि उडायला लागल्यावरही आई-बापांवर अवलंबून असतात. सगळं धरून जवळजवळ सहा महिने! म्हणजे घाई कशाचीच नाही. मार्चअखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तुमच्या ओढ्यात ही तिघं असणार आहेत. तेव्हाची पिल्लं अंगाने थोराड, निम्मी पिसं आणि निम्मी लव, शिंगांच्या जागी नुसते कोंब, आणि चेहऱ्यावर ते मोठे डोळे. कपारीतल्या पांढऱ्या गोळ्यांपेक्षा हजारपट बघण्यासारखी दिसतात. सूर्य मावळला की खाणं मागत फुस्स-फुस्स आवाज काढतात, पंख पसरून उड्या मारून बघतात.

तेव्हा अलीकडच्या काठावर, बागेच्या सावलीत, जमिनीवर बसा. आधी दोन-चार दिवस कॅमेऱ्याशिवाय नुसतं बसून या. पिल्लं तुमच्याकडे बघून मान वरखाली करायला लागली, चोचीची कटकट ऐकू आली, अंग फुगवून पंख पंख्यासारखे उभारले, की तुम्ही जास्त जवळ आहात. मागे सरका. पीस साफ करत बसली, डोळे मिटले, तर अंतर ठीक आहे. किती फूट हा आकडा मी सांगत नाही, कारण प्रत्येक जोडीचा तो वेगळा असतो आणि तुम्हाला तो तिच्याकडूनच कळेल.

लेन्सकट्टा

टेकडीवरची ताईंचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी बरीच वर्षं पक्षी टिपतोय. इतके कडक नियम लावले तर नवीन माणूस या छंदात येणारच नाही. पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास बघा. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग असोत किंवा आपल्याकडे सलीम अलींबरोबर फिरून फोटो काढणारे सिंगापूरचे लोके वान थो असोत, त्यांचं कितीतरी गाजलेलं काम घरट्यावरचं आहे. लपण (आत लपून बसायचा आडोसा) उभारून, पक्ष्याला सवय होऊ देऊन, संयमाने केलेलं. त्यातून पिल्लांचं संगोपन, खाद्य यांची केवढी माहिती मिळाली. काळजी घेऊन केलं तर घरट्याचा फोटो पाप नाही, असं मला वाटतं.

टेकडीवरची

तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण त्या माणसांचं काम मलाही फार आवडतं. पण ती घरट्यावर का बसायची ते बघा. तेव्हाची फिल्म आणि काचेच्या प्लेटा मंद होत्या, लेन्स आखूड, कॅमेरा अवजड. पक्षी ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर, हमखास परत येईल अशी जागा एकच होती, ती म्हणजे घरटं. दुसरा इलाजच नव्हता. आज अंजीरवाल्या दादांच्या जुन्या बॉडीवरही ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. सूर्यास्तानंतरच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर काम भागतं. ती सक्ती संपली आहे. मग तिच्यासाठी मोजलेली किंमत पिल्लांनी अजून का मोजायची?

हॉस्किंग यांच्याच आयुष्यातली गोष्ट आहे. १९३७ साली वेल्समध्ये टॉनी घुबडाच्या (तिकडचं मध्यम आकाराचं घुबड) घरट्याजवळच्या लपणात ते रात्री चढत होते, घुबडाने चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा गेला. शृंगी घुबड टॉनीपेक्षा पुष्कळ मोठं असतं. दरडीवर चढताना तोल गेला तर काय होईल, तेही दादांनी लक्षात घ्यावं.

माहितीचं म्हणाल तर अभ्यासासाठी घरट्यांवर नोंदी घेणारे लोक आजही आहेत आणि असायला हवेत. पुण्याजवळ पिंगोरीला इला फाउंडेशनचं घुबडांवर काम चालतं, डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शृंगी घुबडाचा अभ्यास केला आहे. २०१८ मध्ये तिथे घुबडांसाठी महोत्सवही भरवला होता, गावोगावच्या मुलांनी घुबडांची चित्रं काढली, गाणी म्हटली. अभ्यासकाचं घरट्याशी जाणं एका प्रश्नाचं उत्तर शोधायला असतं, आणि त्या नोंदीचा फायदा पुढे पक्ष्याला होतो. रविवारी येणाऱ्या सात जणांच्या सात सारख्या फोटोंतून कोणता प्रश्न सुटणार आहे?

नवीन माणसाला या छंदात आणायचं तर त्याला पिंगळा दाखवा. गावातल्या चिंचेवर, जुन्या वाड्याच्या भिंतीत, दिवसाढवळ्या बाहेर येऊन ऊन खात बसतो. माणसांना सरावलेला असतो. मात्र ढोलीत पिल्लं असतील तेव्हा तिन्हीसांजेला त्या झाडाखाली उभं राहू नका. दिवसभराच्या उपाशी पिल्लांना पहिला घास मिळण्याची ती वेळ असते. तुम्ही अर्धा तास उभे राहिलात की पिल्लांचे आई-बाप, म्हणजे पिंगळ्याची जोडी, तोंडात किडा धरून शेजारच्या फांदीवर अर्धा तास बसून राहते.

लेन्सकट्टा

फिल्मच्या मर्यादेचा मुद्दा पटला. असा विचार केला नव्हता. पिल्लं बाहेर पडल्यावर फोटो काढायला माझी काहीच हरकत नाही, उलट तेच करावं.

काळी_माती

मी फोटोग्राफर नाही, ऊस आणि कांदा करतो. काका आणि आजीबद्दल बोलतो, कारण तिथे ताईंपेक्षा माझा अनुभव जास्त आहे.

दरडीखालच्या गोळ्या आहेत ना, घुबडानं न पचलेले केस-हाडं ओकून टाकलेल्या, त्या पिल्लं मोठी होऊन गेली की गोळा करा, आत्ता जाऊ नका. शेतात बाभळीखाली एखादी पडली असेल तर ती आत्ता घ्या. कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि काडीने सोडवा. आत उंदरांच्या कवट्या, जबडे, पिवळे दात निघतात. घुशीची कवटी तर हातात धरण्याएवढी. मी वडिलांसमोर ओसरीवर कागद पसरून हे केलं. आमच्याकडे घूस बांध पोखरते, ठिबकच्या नळ्या कुरतडते, रात्रीतून पाणी फुटून जातं. वडिलांनी ते जबडे बघितले आणि त्यानंतर आमच्या विहिरीवरच्या घुबडाला कोणी दगड मारला नाही. आता आम्ही हरभऱ्यात पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) लावतो, रात्री त्यावर पिंगळे येऊन बसतात.

आजीला सांगा, लक्ष्मीचं वाहन आहे, आपल्या बागेत उतरलंय. माझी आई याच वाक्यावर थांबली. मला ते नुसतं समजूत घालण्यासाठीचं वाटत नाही. उंदीर खाणारा पक्षी शेतकऱ्याच्या घरात लक्ष्मीच आणतो.

मुरमाचं काकांशी भांडू नका. मे-जूनपर्यंत थांबा एवढंच मागा. रस्ता पावसाआधी हवा असेल तर दुसऱ्या टोकाचा मुरूम घ्या, घरट्यापासून लांबचा. ओढ्याच्या दरडीचा मुरूम म्हणजे गौण खनिज, तहसीलदारांच्या परवानगीचा प्रश्न तसाही येतो. आणि पिल्लं असताना जेसीबी लावला तर ताईंनी सांगितलेला कायदा सरळ लागू होतो. हे शेवटी सांगा, आधी नको. आधी कायदा काढला की घरातला माणूस हट्टाला पेटतो.

ठाण्याची_गॅलरी

विषयाला धरूनच विचारते. आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये, एसीच्या मागच्या कट्ट्यावर गव्हाणी घुबडाची पाच पिल्लं आहेत. बाथरूमच्या खिडकीतून हातभर अंतरावर दिसतात. सोसायटीतली मुलं रोज मोबाइल घेऊन येतात. इथेही तेच नियम का? ही तर माणसांच्यातच राहणारी घुबडं आहेत.

टेकडीवरची

ताई, माणसांच्या इमारतीत राहतात, पण खिडकीतून येणाऱ्या हाताशी त्यांचं नातं नाही. पिल्लं साप फुत्कारल्यासारखा आवाज काढत असतील ना? मुलांना ती ‘बोलतायत’ असं वाटतं. ती घाबरलेली असतात. डक्टमध्ये धोका वेगळाच आहे. मागे सरकायला जागा नसते, घाबरलेलं पिल्लू कट्ट्यावरून खाली पडतं. खिडकीच्या काचेला आतून कागद चिकटवा, एक बारीक फट ठेवा, बाथरूमचा दिवा बंद ठेवून मुलांना एकेकाला बघू द्या. फोटो त्या फटीतून काढा, फ्लॅश बंद, मोबाइलचा आवाज बंद. उडायला साधारण दोन महिने लागतात. तेवढे दिवस डक्टमधलं प्लंबिंगचं काम थांबवलंत तर फार मोठी मदत होईल. वासाची तक्रार येईल, ती तुम्ही सांभाळा.

अंजीरवाला

सगळ्यांचे आभार. रविवार रद्द केला. एक जण रागावला, बाकीच्यांनी समजून घेतलं. दोघांनी विचारलं की एप्रिलमध्ये येऊ का. मी सांगितलं, एका वेळी एकच जण आणि बागेतूनच.

काळी_माती दादा, बाभळीखाली दोन गोळ्या मिळाल्या. आजीसमोर सोडवल्या. एकीत तीन उंदरांचे जबडे निघाले. आजी काही बोलली नाही, पण आज सकाळी काकांना तिनंच सांगितलं की मुरूम वरच्या बांधाचा घ्या. काका जूनपर्यंत थांबतो म्हणाले.

अजून एक विचारायचं आहे. पिल्लं चालत बाहेर पडतील तेव्हा एखादं ओढ्यात किंवा बागेत जमिनीवर दिसलं तर ते पडलंय की चालत आलंय, हे कसं ओळखायचं? आणि तेव्हा आमचे मजूर अंजीर तोडायला असतील, त्यांना काय सांगून ठेवू?

टेकडीवरची

आजींना माझा नमस्कार सांगा.

जमिनीवर बसलेलं पिल्लू डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे बघत असेल, जवळ गेल्यावर अंग फुगवून चोच वाजवत असेल, दोन्ही पायांवर नीट उभं राहत असेल, तर ते चालत आलेलं आहे. त्याला आहे तिथेच सोडा. रात्री आई-बाप त्याच्या आवाजावर येऊन तिथेच भरवतात. भर उन्हात उघड्यावर असेल तर दुरूनच बघा, बहुतेक वेळा स्वतःच सावलीला सरकतं. पंख लोंबत असेल, रक्त असेल, एका कुशीवर पडून असेल, अंगावर मुंग्या असतील, तर ते जखमी आहे. तेव्हाही स्वतः दवापाणी करू नका, पाणी पाजू नका. वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइनला, १९२६ वर फोन करा. माणूस येईपर्यंत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा.

अजून नीट चालता न येणारं, अंगावर नुसती लव असलेलं पिल्लू कपारीखाली पडलेलं दिसलं तर तेही १९२६ वरच सांगा. तोपर्यंत कुत्री आणि कावळे येणार नाहीत एवढ्या अंतरावर थांबा. पिल्लाला माणसाचा वास लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही, त्यामुळे जाणकार माणूस त्याला परत कपारीत ठेवू शकतो. तुम्ही एकट्याने दरडीवर चढू नका.

मजुरांना एवढंच सांगा की ओढ्याकडच्या शेवटच्या दोन ओळी सकाळी लवकर तोडून घ्या आणि दुपारची भाकरी तिकडच्या सावलीत खाऊ नका, विहिरीकडे बसा. पिल्लू दिसलं तर हात न लावता तुम्हाला हाक मारायची. लहान मुलं बरोबर येत असतील तर त्यांना तुम्ही स्वतः, मोठी झालेली पिल्लं अलीकडच्या काठावरून एकदा दाखवा. बघायला मिळालं की चोरून जाण्याची त्यांना गरज राहत नाही.

कॅमेऱ्याचं: २००-५०० ला संध्याकाळी एफ ५.६ वर (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं) ठेवा, शटर १/२५० च्या खाली गेलं तरी बसलेल्या पिल्लाला चालतं, कॅमेरा जमिनीवर वाळूच्या पिशवीवर टेकवा. शटरचा आवाज कमी करणारा ‘क्वाएट’ मोड तुमच्या बॉडीत असेल तर तो लावा. फोटो इथे टाकाल तेव्हा मागचं देऊळ कापून टाका, आणि टाकायचे ते पिल्लं उडून गेल्यावर टाका.